दुकान दोघांचं, पगार कुणाचा?

न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात मी कोरियन जोडप्यांचं समुपदेशन करते. त्यांच्याकडून एक तक्रार सतत ऐकू येते. नवरा म्हणतो, "इथे आल्यापासून ही उलट बोलते." बायको म्हणते, "दुकानातही मी, घरातही मीच." पुढची हकिकत अशा अनेक घरांची मिळून केलेली आहे.

ड्रायक्लीनिंगचं दुकान, आठवड्याचे सहा दिवस, रोज बारा तास. डाग काढणं, इस्त्री त्याच्याकडे. काउंटर, शिलाई, हिशेब तिच्याकडे. सोलमध्ये तो इंजिनिअर होता. इथे इंग्रजी अडतं, म्हणून गिऱ्हाइकाशी ती बोलते. अबोला धरला की निरोप्याचं काम बारा वर्षांच्या मुलीकडे. तिला मी बाहेर बसवलं आणि प्रौढ दुभाषी बोलावला.  

"कोरियात हे चाललं नसतं," तो म्हणाला.

"कोणत्या कोरियात?" मी विचारलं. " पुरुषाला घरप्रमुख मानणारी होजू पद्धत तिथल्या कायद्यातूनही 2008 साली गेली."

माणूस ज्या वर्षी देश सोडतो, त्या वर्षाचा देश जपून ठेवतो. मागे राहिलेली भावंडं केव्हाच पुढे गेलेली असतात.

आधी भावना, मग हिशेब, असं मानणारे सहकारी बरेच आहेत. मी उलट चालते. आठवडाभर दोघांनी वेगळ्या वह्यांत तास लिहिले. दुकानाचे 72 दोघांचेही. घरकाम धरून त्याचे 75, तिचे 101. तिची वही वाचताना तो एका ओळीवर थांबला. "माझ्या आईला फोनही हीच करते?"

मग मी तिच्या पगाराचं विचारलं. "घरचंच दुकान, पगार कशाला?" तो म्हणाला. सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी योजनेचं, स्वतःच्या नावावर निवृत्तिवेतन मिळायला कर भरलेल्या कमाईवर जमणारी 40 क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षं. तिचं एकही नव्हतं. ती हळूच म्हणाली, "अकरा वर्षं राबले, आणि कागदावर मी बेकारच."

तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बसला. भांडणाखाली काय होतं, ते आता दोघांसमोर होतं.

अशा घरांना मी सांगते: बायकोचं नाव पगारपत्रकावर घाला. हातात दिलेली, कर न भरलेली रोख रक्कम क्रेडिटमध्ये धरली जात नाही. पगार तिच्या खात्यात जाऊ द्या. नवऱ्याने 'मदत' करू नये. ती पंधरा दिवसांत संपते, कारण काय करायचं हे सांगण्याचं काम बायकोकडेच राहतं. अख्खं काम घ्यावं: मंगळवार-गुरुवारचं जेवण, सामान आणण्यापासून भांड्यांपर्यंत.

आईचा फोनही त्याचाच. सुरुवातीला तो दोन मिनिटांत आटपतो. आटपू द्या, पण बायकोने हातात घेऊ नये.