आधी दुसरं घर शोधा, मग प्राणी आणा

शेरू गेला आणि त्याच वर्षात मनीही गेली. "ताई, संध्याकाळी कुलूप काढलं की अजून पाय जपून टाकते, कुणी आडवं येईल म्हणून," असं तुम्ही लिहिलंय. टाका जपून. ती सवय मोडायची घाई करू नका, आणि "कुत्र्यामांजरासाठी एवढं काय रडायचं" म्हणणाऱ्या नातेवाइकांना फोनवर समजावत बसू नका. ज्यांनी पाळलं नाही त्यांना ते फोनवर कळणार नाही.

परदेशात राहून पुन्हा प्राणी आणावा का, हा तुमचा प्रश्न. यजमान म्हणतात, "आता पायात बेडी नको." लेक म्हणते, लगेच आणू. तुम्ही मध्ये अडकलात. पण पत्राच्या शेवटी तुम्ही एक गोष्ट घाईघाईत उरकलीत: "अण्णा अत्यवस्थ असल्याचा फोन आला तेव्हा मी कामासाठी बाहेरगावी होते. शेरूला दोन वेळा इन्सुलिन चालू होतं, बोर्डिंगवाल्यांनी घ्यायला नकार दिला. हे तीन दिवसांनी निघाले. अण्णांची भेट झाली नाही."

अहो, खरं पत्र एवढंच आहे. तुमचे यजमान बेडी म्हणतात ती या तीन दिवसांची. वडिलांचं शेवटचं दर्शन हुकलं, त्याचं दुःख शेरूच्या नावावर जमा झालं, आणि पुढे शेरूही गेला, म्हणजे त्याच्यावर धड रागावताही येईना. या माणसाला "घरात नवं पिल्लू आलं की बरं वाटेल" असं सांगून काही उपयोग नाही. त्याला पुढच्या फोनची भीती आहे, आणि ती खोटी नाही. आपल्या सगळ्यांच्या उशाशी तो फोन असतोच.

पण चूक शेरूची नव्हती, यजमानांचीही नव्हती. तुमच्याकडे दुसरं घर नव्हतं. मी हे दरवेळी सांगते आणि आजही सांगणार: परदेशात राहणाऱ्या माणसाने दुसरं घर ठरल्याशिवाय प्राणी आणू नये. दुसरं घर म्हणजे अशी माणसं, ज्यांच्याकडे तुमचा प्राणी रात्री दोन वाजताही सोडता येईल आणि जिथे तो परका नसेल.

माझ्या धाकट्या जावेकडे म्हातारी, अपस्माराची कुत्री होती. गोळ्यांची वेळ चुकवून चालत नसे. जावेने ती घरी आणण्याआधीच शेजारच्या निवृत्त जोडप्याशी बोलून ठेवलं होतं. कुत्री महिन्यातून एखादी रात्र त्यांच्याकडे झोपायची, काही कारण नसतानाही. सासूबाई गेल्या तेव्हा जाऊ आणि दीर मिळेल त्या पहिल्या विमानाने निघाले, आणि कुत्री शेजारी आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन झोपली. आमच्या घरात त्या दिवसांत कुणालाही कुत्रीची काळजी करावी लागली नाही.

आता थोडं रागावते. तुम्ही लिहिता, "मंडळातल्या दोघीतिघींना विचारलं होतं, पण सगळ्या तेव्हा भारतात." जाणारच! शाळांना सुट्टी लागली की आपण सगळे एकाच वेळी उडतो. दुसरं घर फक्त मराठी माणसांत शोधाल तर नेमकं गरजेच्या वेळी त्याला कुलूप असेल. तिथलाच शेजारी धरा. वयामुळे ज्यांना स्वतःचा कुत्रा ठेवणं झेपत नाही, पण ज्यांचा जीव त्यात आहे, अशी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. आपल्याला विचारायचा संकोच वाटतो. संकोच करू नका. त्यांच्या झाडांना पाणी घाला, त्यांना दवाखान्यात सोडा. देणंघेणं दोन्हीकडून असलं की ते टिकतं.

मांजराचं थोडं निराळं. मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं, तेव्हा त्याला हलवण्यापेक्षा दोन वेळा येऊन जाणारं माणूस आणि एक जादा किल्ली बरी. मात्र त्या माणसाने ताटली रिकामी होते का हे रोज पाहायला हवं. मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढून जिवावर बेतू शकतं. विशेषतः लठ्ठ मांजराचं.

सगळं कागदावर लिहा: औषधाचं नाव, मात्रा, वेळ, डॉक्टरांचा फोन. तुमच्या गैरहजेरीत उपचारांची परवानगी कोण देईल आणि किती खर्चापर्यंत, हेही. शेवटच्या इंजेक्शनचा निर्णय कुणी घ्यायचा, हेही. हे लिहिताना हात अडखळेल, तरी लिहा; शेजाऱ्याला तो निर्णय आयत्या वेळी एकट्याने घ्यायला लावणं अन्याय आहे. मायक्रोचिपच्या, म्हणजे प्राण्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या, नोंदीत दुसरा फोन नंबर त्यांचा द्या. इन्सुलिनची सुई कशी टोचायची हे प्राण्यांच्या दवाखान्यात शिकवतात, त्या दिवशी शेजाऱ्यांनाही सोबत न्या.

हे जमलं की यजमानांशी बोला, त्याआधी नाही. आणि बोलताना आधी अण्णांविषयी बोला.

बाकीचं थोडक्यात. यजमान एकसष्ट वर्षांचे आहेत, प्राणी आपल्यामागे उरेल ही काळजी रास्त आहे. मग पिल्लू आणूच नका. निवारागृहांत सातआठ वर्षांचे शांत कुत्रे घराची वाट पाहत असतात. लॅब्रॅडॉर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो, घरात राहणारं मांजर पंधराच्या पुढेही जातं, तो हिशेब तुम्हीच करा.

"भारतात सोबतच नेलं तर?" नका. युरोपीय संघात परतायचं तर रेबीजची रक्ततपासणी लागते. ती निघण्यापूर्वी केलेली नसेल तर रक्त दिल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट प्राणी आणताच येत नाही. अत्यवस्थ माणसाला भेटायला निघालेल्याने या भानगडीत पडू नये.

किती दिवस थांबावं याला मुदत नाही. लेकीला मात्र त्याच जातीचा, त्याच रंगाचा आणि शेरू याच नावाचा कुत्रा हवाय, त्याला ठाम नकार द्या. नव्या जिवाला नवं नाव लागतं. तोवर ती निवारागृहात आठवड्याला जाऊन कुत्र्यांना फिरवू शकते, वयाची अट असेल तर तुम्ही सोबत जा. यजमानांना आग्रह नको, फक्त गाडी चालवायला बोलवा.