आरसीसीबीचं बटण दाबलं म्हणजे टेस्टिंग झालं का? जरा सविस्तर सांगतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चाकणला तुमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, कस्टमर कंपनीचा सेफ्टी ऑडिटवाला येऊन आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) टेस्टिंगचं रेकॉर्ड मागून गेला, तुमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो बटण दाबून बघितलं की झालं, आणि एका बोर्डावरची आरसीसीबी पावसात सारखी ट्रिप होते (आपोआप पडून सप्लाय तोडते) म्हणून सध्या बायपास केलेली आहे, म्हणजे तिला टाळून सप्लाय थेट दिलाय.

आधी ते बायपास काढा. रेकॉर्ड वगैरे नंतर. त्या बोर्डावर ग्राइंडर आणि ड्रिल लावून माणसं ओल्या फरशीवर उभी राहून काम करतात, आणि ट्रिप होतेय याचा अर्थ कुठेतरी करंट खरंच जमिनीत जातोय. दुरुस्ती होईपर्यंत तो बोर्ड बंद ठेवा, काम दुसऱ्या बोर्डावरून करा.

आता टेस्टिंग. एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) बिघडली की बहुतेक वेळा कुठेतरी अंधार होतो, मशीन बंद पडतं, कोणीतरी बोंबलतं. आरसीसीबी बिघडली तर काहीच होत नाही, सप्लाय मस्त चालू राहतो, वर्षानुवर्षं. आत मेकॅनिझममध्ये धूळ, ओल, घट्ट झालेलं ग्रीस, आणि ज्या दिवशी खरंच कोणाच्या हातातून करंट जातो त्या दिवशी ती हलतच नाही. म्हणून टेस्ट करायची, दुसऱ्या कुठल्याच मार्गाने ती मेलीय हे कळत नाही.

बटण काय करतं ते बघा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायर आत एका रिंगसारख्या कोअरमधून जातात, जेवढा करंट गेला तेवढाच परत आला तर सगळं ठीक, फरक पडला की रिले सुटतो. टेस्ट बटण एका रेझिस्टरमधून थोडा करंट त्या कोअरला वळसा घालून नेतं आणि मुद्दाम तो फरक तयार करतं. म्हणजे बटणाने एवढंच कळलं की कोअर, रिले आणि लिव्हर काम करतात. किती मिलिअँपला ट्रिप झाली, किती वेळात झाली, तुमचं अर्थिंग आहे की तुटलंय, यातलं काहीही कळत नाही. अर्थची वायर पूर्ण काढून ठेवली तरी बटणाने ट्रिप होते, स्वतः करून बघा. तरीही बटण दाबणं गरजेचंच आहे कारण त्याने मेकॅनिझम मोकळं राहतं. बऱ्याच आरसीसीबींवर दर महिन्याला टेस्ट करा असं छापलेलंच असतं पण ते कोणी वाचत नाही.

तर बटण दर महिन्याला, आणि वर्षातून एकदा आरसीडी टेस्टरने (मोजून लीकेज करंट सोडणारं आणि आरसीसीबी किती वेळात ट्रिप होते ते दाखवणारं मीटर) टायमिंग टेस्ट. तुमच्याकडे लोखंडाची धूळ उडते, त्यामुळे मी तर पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा करायला सांगेन. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडकडे ३७६० नंबरचं स्टँडर्ड आहे, त्यात कारखान्यातल्या फिक्स सेफ्टी स्विचला (तिकडे आरसीसीबीला असं म्हणतात) सहा महिन्यांनी बटण आणि वर्षाने टायमिंग आहे. आपली धूळ आणि ओल बघता आपण त्याच्यापेक्षा ढिलं राहायचं काही कारण नाही.

आता एक गोष्ट जी बरेच जण उलटी करतात. टेस्टरने टायमिंग घ्यायचं असेल त्या दिवशी आधी बटण दाबू नका. बटण दाबलं की अडकलेलं लिव्हर मोकळं होतं आणि मग टायमिंग छान येतं, पण अपघात होतो तेव्हा आधी येऊन कोणी बटण दाबत नाही ना. पहिली ट्रिप टेस्टरनेच घ्या आणि तोच आकडा लिहा, बटण शेवटी.

३० मिलिअँपच्या साध्या आरसीसीबीला अर्ध्यावर म्हणजे १५ ला ट्रिप व्हायला नको, ३० ला ३०० मिलिसेकंदच्या आत झाली पाहिजे, आणि पाचपट म्हणजे १५० ला ४० मिलिसेकंदच्या आत. टेस्टरवर ० आणि १८० डिग्री असं सेटिंग असतं (एसी करंटच्या लाटेच्या कुठल्या अर्ध्या भागापासून टेस्ट सुरू करायची ते), दोन्हीवर घ्या कारण एका बाजूने पटकन आणि दुसऱ्या बाजूने सुस्त असं होतं कधीकधी, जो जास्त वेळ येईल तो रेकॉर्डला लिहायचा. टेस्ट करताना त्या आरसीसीबीवर चालणाऱ्या मशीन्स काढून ठेवा, नाहीतर त्यांचं लीकेज मिसळून आकडा चुकतो. अर्थिंग खराब असेल तर चांगले टेस्टर टेस्टच करत नाहीत, एरर दाखवतात, तेव्हा टेस्टरला शिव्या देऊ नका, आधी अर्थ पिट बघा. आणि जेवणाच्या सुट्टीत करा, सीएनसी किंवा कॉम्प्युटर त्या लाईनवर असेल तर आधी नीट बंद करून.

टेस्टर महाग असतो, एका शेडसाठी विकत घ्यायची गरज नाही, परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरला बोलवा पण आधी विचारा की टेस्टर आहे का आणि त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे का. नुसता टेस्ट लॅम्प घेऊन आला तर परत पाठवा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून ट्रिप करून दाखवायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे आणि ती धोक्याची आहे. १५ वॅटचा बल्बसुद्धा साधारण ६५ मिलिअँप घेतो, त्यामुळे ३० ला होते का ते कळतच नाही, आणि वर अर्थ मागे कुठे तुटलेला असेल तर तो करंट जमिनीत जायच्या ऐवजी त्या अर्थला जोडलेल्या सगळ्या मशीन्सच्या बॉडीवर येतो. त्या क्षणी कोणी लेथला हात लावून उभा असेल तर?

तुमच्या मेन पॅनलमध्ये आरसीसीबी आहे म्हणून सगळं कव्हर झालं असं इलेक्ट्रिशियन म्हणाला असेल तर तिच्यावरचा आकडा वाचा. मेनला बहुतेक १०० किंवा ३०० मिलिअँपची असते. सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) २०१० च्या रेग्युलेशनमध्ये घरगुतीला ३० आणि बाकीच्यांना १०० अशी मर्यादा होती, त्यामुळे १०० वाली बघून लोक निर्धास्त होतात. पण १० मिलिअँपच्या आसपासच हातातली वस्तू सोडवत नाही, आणि ३० च्या वर श्वास आणि हृदयाचा प्रश्न येतो. ३०० वाली आगीपासून वाचवायला ठीक, टेस्टमध्ये पासही होईल, पण माणसासाठी हातातली टूल्स लागतात त्या प्रत्येक सॉकेटवर ३० वालीच हवी. अजून एक, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असलेल्या मशीनवर साधी एसी टाईप, म्हणजे फक्त एसी लीकेज ओळखणारी, लावली असेल तर डीसी लीकेजमुळे ती आंधळी होऊ शकते, आणि टेस्टर साधा एसी करंट सोडत असल्यामुळे मशीन काढून घेतलेल्या टेस्टला ती पासच होते. तिथे डीसी लीकेजही ओळखणारी बी टाईप लागते, महाग आहे पण लागते.

आता तुमची पावसातली ट्रिपिंग. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा, जिथे ट्रिप होईल ती लाईन. पण सगळ्या एमसीबी बंद असूनही ट्रिप होत असेल तर गोंधळू नका, सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर शेजारच्या लोडमुळेही ट्रिप होते. अशा वेळी न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरून) एकेक न्यूट्रल काढून बघावा लागतो, मेन बंद करून अर्थातच. लीकेज क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून बारीक करंट मोजणारा) मिळाला तर फेज न्यूट्रल दोन्ही एकत्र धरून मोजा, नेहमीचं लीकेज ९-१० मिलिअँपच्या वर असेल तर त्या आरसीसीबीवर लोड जास्त झालाय, दोनमध्ये वाटा. फॅब्रिकेशन शेडमध्ये मला बहुतेक वेळा सापडतं ते म्हणजे बाहेरच्या भिंतीवरचा सॉकेट, जॉइंट मारलेली एक्स्टेंशन आणि वॉटर कूलर. वॉटर कूलर आधी बघा.

रेकॉर्डसाठी साधी वही चालेल. बोर्ड नंबर, आरसीसीबीचं रेटिंग आणि टाईप, तारीख, दोन्ही बाजूंचे टायमिंग, बटण चाललं का, करणाऱ्याची सही. बोर्डावर पुढच्या तारखेचा स्टिकर लावा. फेल झालेली उघडून साफ करून परत बसवू देऊ नका, ती दुरुस्त करायची वस्तू नाही, सरळ बदला आणि नवी बसवल्यावर तिचीही टायमिंग टेस्ट घ्या. फोर पोल (तीन फेज आणि न्यूट्रलसाठीची) आरसीसीबी सिंगल फेजवर लावलेली असेल तर बटण ज्या पोलवर जोडलंय तिथे सप्लाय नसल्यामुळे बटण चालत नाही, त्यामुळे फेकायच्या आधी बाजूला छापलेलं डायग्राम बघा.

बायपास काढल्यावर त्या बोर्डाचं काय निघालं ते इथे लिहा, क्लॅम्पचं रीडिंग टाकलं तर पुढे सांगता येईल.