बोटाचं टोक गेल्यावर गिटार सोडावी लागते का?

बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यात मशीनवर मधल्या बोटाचं टोक गेलं, आता गिटार संपली का, असं विचारलंयस. नाही रे. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याचं बघ.

बर्मिंगहॅमचा, जन्म १९४८. आधी अकॉर्डियन, मग गिटार. १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, तेही नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो! तिथल्या साहेबानं त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली; जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झालेली. मग यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या.

१९६८ मध्ये बँड जमला, पुढे त्याचंच नाव ब्लॅक सॅबथ. १९७१ च्या अल्बममधल्या काही गाण्यांना गिटार दीड स्वर खाली उतरवली. तारा ढिल्या, बोटांना सोपं, आवाज मात्र भारदस्त. (फाउंड्रीवाल्या बेळगावला हेवी मेटल शोभतंच म्हणा.)

जखम पूर्ण भरू दे. मग आठ नंबरच्या पातळ तारा लाव, अर्धा स्वर उतरव आणि दोन सुरांच्या पॉवर कॉर्डपासून सुरू कर. तारा इथं नाही मिळाल्या तर कोल्हापूरहून मागव.