मुलगी घरात असते, पण आमच्याशी बोलत नाही

काही विचारलं की "काही नाही", जरा जास्त विचारलं की दार बंद. हे सांगणारे आईबाबा माझ्याकडे खूप येतात. मध्ये एक बाबा आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), मुलगी १६ वर्षांची, लहानपणी यांच्या मागेमागे फिरणारी आणि आता जेवायला पण एकटी बसते. त्यांचा प्रश्न एकच, आमचं काय चुकलं?

मी म्हटलं ते नंतर बघू, आधी तुम्ही १६ चे असताना घरी काय सांगायचा नाहीत ते सांगा. म्हणाले, छे, आम्ही काही लपवायचो नाही. हे उत्तर जवळपास सगळेच देतात, कारण आपलं ते वय आपण आत्ताच्या वयातून आठवतो, पालक होऊन. म्हणून त्यांना म्हटलं एखादा दिवस धरा, वर्गात शेजारी कोण बसायचं, कशाची लाज वाटायची, तिथून सुरू करा.

पुढच्या वेळी आले ते बोलतच सुटले. त्यांनी एकदा आईला सांगितलं होतं की मला गणित झेपत नाहीये, आणि रात्रीपर्यंत काका, मामा सगळ्यांना कळलेलं, जो तो समजवायला बसला. आईवर राग नव्हता हो, म्हणाले, पण त्यानंतर मनातलं काही सांगितलंच नाही मी. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाले, हिचं मैत्रिणीशी भांडण झालं ते मी माझ्या बहिणीला फोनवर सांगत होतो, तेव्हा ही शेजारच्या खोलीत होती.

या वयात मुलं थोडी लांब जाणारच, एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने तर साधारण १२ ते १८ हा काळ स्वतःची ओळख शोधण्याचाच मानलाय. पण विश्वास उडाला म्हणून गप्प होणं वेगळं, आणि ते पालकाला स्वतःच्या आठवणीतून जेवढं कळतं तेवढं माझ्या सांगण्यातून कळत नाही.

फक्त ही आठवण काढायची ती स्वतःसाठी, "आमच्या वेळी" सुरू केलं की संपलं. त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं की तुझं भांडणाचं मी आत्याला तुला न विचारता सांगितलं, परत नाही होणार. ती "बरं" म्हणाली आणि गेली. बाबांना वाटलं काहीच उपयोग नाही. मला वाटतं झाला, आता ती बघणार शब्द पाळतायत का, आणि त्याला महिने लागतात, घाई करू नका.

आणि हो, झोप, खाणं, अभ्यास, मित्रमैत्रिणी असं सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं दिसलं तर आठवणी काढत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगायचं नाही असं काही बोलली तर त्याच दिवशी, आणि तिला एकटं सोडू नका.