भास्कर भगरे कोण आहेत? आमदारकीचा अनुभव नसलेला शिक्षक थेट खासदार कसा झाला आणि तो दिल्लीत काय करू शकतो?

मी निफाड तालुक्यातला, घरी कांदा आणि मतदान दिंडोरीतच, म्हणून लिहितो.

आमच्याकडे त्यांना भगरे सर म्हणूनच ओळखतात. पेशाने शिक्षक, राजकारण काय ते तालुका-जिल्हा पातळीवरचं, आमदार कधीच नव्हते. नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, 2009 ला पहिली निवडणूक झाली तेव्हापासून तिन्ही वेळा इथे भाजप. 2024 ला समोर डॉ. भारती पवार, म्हणजे केंद्रात आरोग्य राज्यमंत्री, आणि दिंडोरी, निफाड, येवला, चांदवड, कळवण, नांदगाव या त्यातल्या सहाही विधानसभा जागांचे आमदार महायुतीचे. सर शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे, पाठीशी एकही आमदार नाही. तरी 1 लाख 13 हजारांच्या वर लीडने आले.

आता हे कसं झालं तर कांदा, दुसरं काही नाही. सरांची साधी प्रतिमा कामी आली हे खरंय, पण त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी निकाल बराचसा असाच लागला असता असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, मग 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी, तेही लाल कांदा ऐन बाजारात येत असताना, लिलावात भाव असा कोसळला की माणसं ट्रॅक्टर घेऊन नुसती बघत उभी. त्यात एप्रिलमध्ये गुजरातच्या 2000 टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि आमच्यावर बंदी तशीच, हे लोकांना फार लागलं. मे मध्ये बंदी उठवली पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर ठेवूनच. 15 मे ला पिंपळगावला मोदींच्या सभेत एका तरुणाने मध्येच उठून कांद्यावर बोला असं ओरडून सांगितलं, तेव्हाच आम्हाला कळलं होतं हवा कुठे चाललीय.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. बाबू भगरे नावाचे अपक्ष उभे होते, त्यांच्याही नावापुढे सर, चिन्ह तुतारी, आणि आपल्या सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली! हा सगळा घोळ होऊनही सर निवडून आले यावरून राग किती होता ते बघा.

आता दिल्लीत काय करणार. इथे लोकांचा गैरसमज असतो. कांद्याची निर्यात बंद करायची का चालू हे लोकसभेत मतदानाला येतच नाही, वाणिज्य मंत्रालयाखालचं परकीय व्यापार महासंचालनालय एक अधिसूचना काढतं आणि रात्रीतून आमचा माल अडकतो. विरोधी पक्षाच्या नवीन खासदाराच्या हातात मग उरतं काय तर प्रश्न विचारणं, शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायच्या वेळेत) बोलणं, नियम 377 खाली मतदारसंघाचा विषय सभागृहात मांडणं, मंत्र्यांच्या मागे लागणं. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, दिवसाला 20 च आणि तेही लॉटरीने येतात, त्यामुळे नवीन माणसाचा नंबर लागला तरी तोंडी उत्तरापर्यंत पोचेलच असं नाही. वर्षाला 5 कोटींचा खासदार निधी असतो पण तो त्यांच्या हातात येत नाही, ते कामं सुचवतात आणि जिल्हा प्रशासन ती करून घेतं. सहा विधानसभा मतदारसंघांत ते पैसे वाटले की रस्ता, सभामंडप, शाळेची खोली यातच संपतात.

पण म्हणून आमचं मत वाया गेलं असं मी अजिबात म्हणणार नाही. सप्टेंबर 2024 मध्ये किमान निर्यात दर काढला, शुल्क 20 टक्क्यांवर आणलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून ते शून्य केलं. श्रेय सगळेच घेतात. माझ्या मते कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम लोकसभेच्या निकालाने केलं, कारण तो पहिला निर्णय विधानसभेच्या तोंडावरच आला.

तुम्हाला सरांचं काम बघायचं असेल तर फेसबुकवरचे सत्काराचे फोटो सोडा. लोकसभेच्या वेबसाइटवर खासदाराच्या नावाने प्रश्न आणि सरकारची उत्तरं दोन्ही मिळतात, फुकट. त्यात कांदा, द्राक्ष आणि सुरगाणा-कळवणकडच्या आदिवासी पाड्यांचं पाणी, या तीन गोष्टी किती वेळा आल्यात ते शोधा. मी प्रत्येक अधिवेशनानंतर तेच बघतो.