दोन विज्ञानकथांवर तुलनात्मक निबंध कसा लिहायचा?

बहुतेक जण आधी एका कथेचा सारांश लिहितात, मग दुसरीचा, आणि शेवटी ‘दोन्ही कथा विचार करायला लावतात’ म्हणून मोकळे होतात. ती तुलना नव्हे. दोन्हींत सारखी असलेली एकच गोष्ट पकडा आणि फरक तिथूनच उकलत न्या.

उदाहरणार्थ, रे ब्रॅडबरीच्या ‘द वेल्ट’ आणि ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’. दोन्ही १९५० च्या, दोन्हींत सगळी कामं आपोआप करणारं घर. पहिलीत घरच सगळं करतं, त्यामुळे आईबाप बिनकामाचे झालेत आणि मुलांचा जीव खेळायच्या खोलीत अडकलाय; तिच्या भिंतींवर मुलांच्या मनातलं आफ्रिकेचं माळरान आणि तिथले सिंह दिसतात. दुसरीत माणसं अणुस्फोटात गेलीत, भिंतीवर त्यांच्या आकृत्या तेवढ्या उरल्यात. तरी घर सकाळी टोस्ट भाजतं, अंडी तळतं आणि कोणी खायला येत नाही म्हणून टाकून देतं. तो टोस्ट आणि मुलांच्या खोलीतले सिंह समोरासमोर ठेवा, अर्धा निबंध तिथेच होतो.

मुख्य विधान असं करता येईल: एका घरात आईबाप नकोसे झालेत, दुसऱ्या घराला माणसं उरली नाहीत हेच कळलेलं नाही.

पात्रांच्या तुलनेत मात्र शिरू नका. दुसऱ्या कथेत जिवंत पात्र म्हणावं तर एक मरायला टेकलेलं कुत्रं आहे.