पंचगंगेचं केंदाळ आणि आपल्या बांधावरची पोती

उन्हाळा लागून कोल्हापूरच्या पंचगंगा नदीवर केंदाळ (जलपर्णी) पसरलं की एकाच गोंधळाची पत्रं येतात. शहरवाले शेतकऱ्याच्या युरियाला दोष देतात, शेतकरी शहराच्या नाल्यांना. सांडपाण्यातलं आणि खतातलं नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) एकच आहे, आणि केंदाळ दोन्हींवर पोसतं. ते लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

केंदाळावर तणनाशक मारलं तर लवकर सुटका होईल ना? (शिरोळ)

नाही. मेलेलं केंदाळ तळाला जाऊन कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. त्यातलं नत्र-स्फुरद परत पाण्यातच येतं. शिवाय खालच्या गावांना तेच पाणी प्यायचं आहे. केंदाळ काढूनच टाकावं लागतं, पण काढून काठावर ढीग लावणं म्हणजे निम्मंच काम. पुराची रेषा सोडून लांब नेऊन कुजवा. कारखान्यांचं पाणी मिसळतं त्या पट्ट्यातलं असेल तर धातूंची तपासणी केल्याशिवाय ते खत भाजीपाल्याला वापरू नका.

दुकानदार युरियासोबत द्रवखताची बाटली घ्यायलाच लावतो. घ्यावी का? (करवीर)

घेऊ नका. हे ‘लिंकिंग’ नियमाला धरून नाही. पक्की पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. उकळून प्यायलं तर चालेल? (हातकणंगले)

चालणार नाही. उकळल्याने पाणी आटतं, नायट्रेट तसंच राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण उलट वाढतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर या पाण्यात दुधाची पावडर कालवणं आजच थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

गटारीत जिवाणूंची पावडर टाकली की सांडपाणी प्रकल्पाची गरज नाही, असं विक्रेता सांगतो. ग्रामपंचायतीने घ्यावी का? (ग्रामपंचायत सदस्य)

वास कमी होईल, पण स्फुरद कुठे जाणार? ते हवेत उडत नाही. पाण्यात राहील किंवा गाळात बसेल, आणि तो गाळ उपसला नाही तर पहिल्या पावसात नदीत जाईल. विक्रेत्याकडे आधीचे आणि नंतरचे एकूण स्फुरदाचे आकडे मागा. नमुने तुम्ही घ्या, तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करा. ठराव करण्याआधी जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाचा सल्ला घ्या.

सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणारं पाणी नितळ दिसतं, अहवालही चांगला असतो. तरी खाली केंदाळ का? आणि ते पाणी उसाला घेतलं तर खत किती घालायचं? (शिरोळ)

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

नितळ पाणी आणि नत्र-स्फुरद नसलेलं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या. अहवालात लोक बीओडी बघतात. बीओडी म्हणजे कुजणाऱ्या घाणीचं माप. नत्र-स्फुरदाची विरघळलेली रूपं, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, त्यात दिसत नाहीत. केंद्राच्या २०१७च्या अधिसूचनेतल्या मानकांत नत्र-स्फुरद नव्हतंच. एप्रिल २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एकूण नत्र लिटरला १० आणि स्फुरद १ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली. तेव्हापासून वर्षं उलटली, आणि अजून लोक मला फक्त बीओडीचा कागद दाखवतात. एक ग्रॅम स्फुरदावर साधारण शंभर ग्रॅम कोरडं शेवाळ वाढू शकतं. एवढंसं स्फुरद म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही.

म्हणून हे पाणी नदीत सोडण्यापेक्षा उसात मुरवणं चांगलं. मात्र हिशेब धरा. एकरात वर्षभरात मीटरभर उंचीचं पाणी दिलं तर ते सुमारे ४० लाख लिटर होतं. त्यात लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असेल तर एकरी ४० किलो नत्र पाण्यातूनच आलं. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलोच्या आसपास नत्र असतं. जवळजवळ दोन पोती तुमच्या सरीत आधीच पडली! सुरू (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या) उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्राची आहे. पाण्यातलं न वजा करता पूर्ण मात्रा टाकली की जादाचं विहिरीत आणि ओढ्यात उतरतं, आणि पैसेही तुमचेच जातात. शेजाऱ्याने दहा पोती टाकली, म्हणून मी बारा टाकतो, हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

पण माझ्या आकड्यावर लगेच पोती कमी करू नका. आधी त्या पाण्यातलं नत्र, स्फुरद आणि क्षारता तपासा. शिरोळ भागात क्षारपड जमीन आहे. खारं पाणी तिथे आणखी नुकसान करील. माती परीक्षणाचा कागद घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कारखान्याच्या ऊस विभागात जा आणि मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्या.

वळवाआधी युरिया फेकला तर पावसाने आपोआप मुरतो ना? (पन्हाळा)

जोराच्या पावसात तो मुरत नाही, वाहून ओढ्याला जातो. ढग भरून आले असतील तर पोतं घरातच ठेवा. वाफसा आल्यावर (जमीन ओलसर पण चिखल नसलेली झाली की) हप्त्याहप्त्याने, मातीआड करून द्या.